केईचिरो तोयामा : 'सायलेंट हिल'चा कर्ता सोनीतून बाहेर पडला, त्याबद्दल

निशाचर

नमस्कार मंडळी,

परवा 'स्लिटरहेड' दुसऱ्यांदा पूर्ण केला. पहिल्या खेपेला बराच चिडलो होतो, मध्येच दोन आठवडे बाजूलाही ठेवला होता. या खेपेला शेवटची नावं पडद्यावर सरकत होती तेव्हा जागचं उठवेना. हा गेम करणाऱ्या माणसाबद्दल इथे कधी नीट बोलणं झालेलं नाही, म्हणून धागा काढतोय.

केईचिरो तोयामा. जन्म १९७०चा. १९९४ मध्ये कोनामी या जपानी गेम कंपनीत ग्राफिक्सच्या कामाला लागले. १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर 'सायलेंट हिल' हा भीतीचा गेम आला, त्याचे दिग्दर्शक हेच. दिग्दर्शक म्हणून पहिलाच गेम, आणि वय तिशीच्या आत. तो बाजारात आला त्याच वर्षी त्यांनी कोनामी सोडली आणि सोनीच्या जपान स्टुडिओत गेले. तिथे 'सायरन' (२००३), 'सायरन २' (२००६) आणि प्लेस्टेशन ३ वरचा तिसरा 'सायरन' (२००८) केला. मग भयाची वाट सोडून 'ग्रॅव्हिटी रश' (२०१२) आणि त्याचा दुसरा भाग (२०१७). सोनीत वीसेक वर्षं काढल्यावर, ऑगस्ट २०२० मध्ये, ऐन पन्नाशीत, काझुनोबु सातो आणि जुनया ओकुरा या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी टोकियोत स्वतःचा 'बोके गेम स्टुडिओ' काढला. बातमी बाहेर आली ती डिसेंबरमध्ये. (मराठी कानाला 'बोके' म्हटलं की मांजरंच दिसणार, पण शब्द फोटोग्राफीतला आहे. फोटोत मागचं धूसर होतं ना, त्याला बोके म्हणतात, आणि तो मूळ जपानीच शब्द.)

स्टुडिओचा पहिला गेम 'स्लिटरहेड' ८ नोव्हेंबर २०२४ला आला. प्रकाशकही तेच, पाठीशी मोठी कंपनी नाही.

'सायलेंट हिल'ची सुरुवात आठवते का? हॅरी मेसनची गाडी घसरलेली, सात वर्षांची शेरिल गाडीतून नाहीशी. मोसम नसताना बर्फ पडतोय, चारी बाजूंना धुकं. तिच्या पावलांच्या आवाजामागून आपण एका गल्लीत शिरतो. इथवर कॅमेरा निमूट पाठीशी असतो. गल्लीत शिरल्यावर तो आपल्याला सोडतो. आधी छताच्या बाजूनं बघतो, मग भिंतीच्या कोपऱ्यातून, आणि हॅरी पळतो तसतसा तिरका होत जातो. लांबून भोंगा वाजतो. काळोख होतो, हॅरी काडी पेटवतो. उलटी पडलेली व्हीलचेअर, तिचं चाक अजून फिरतंय. पुढे जाळीला टांगलेलं प्रेत. मागे वळावं तर लहान मुलांच्या उंचीची, हातात सुरे घेतलेली करडी शरीरं. आलो ते फाटक बंद. हातात काहीच नाही, मरावंच लागतं. जाग येते ती एका कॅफेत.

मी हे पहिल्यांदा खेळलो तेव्हा राक्षसांपेक्षा त्या कॅमेऱ्यालाच जास्त घाबरलो होतो. गल्लीत आपल्याशिवाय कुणी नाही, मग वरून बघतंय कोण?

हा प्रश्न या माणसानं पुढे पंचवीस वर्षं सोडला नाही, असं मला वाटतं. त्याबद्दल बोलायचंय. शिवाय मोठं घर सोडून बाहेर पडल्यावर त्यांना नेमकं काय मिळालं आणि काय मागे राहिलं, याबद्दलही. लिहा.

---

मधली_सुट्टी

वा, जुना जिव्हाळ्याचा विषय काढलात.

धुक्याबद्दल भर घालतो. त्या काळच्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये मागची दृश्यं आधीच रंगवून ठेवलेली असायची, पात्रं तेवढी त्रिमितीय. 'सायलेंट हिल'नं अख्खं गाव त्रिमितीय करायचं ठरवलं. पहिल्या प्लेस्टेशनला मुख्य मेमरी होती २ एमबी. लांबचे रस्ते, घरं एकदम दाखवणं त्या यंत्राच्या ताकदीबाहेरचं. म्हणून थोड्या अंतरापलीकडे सगळं धुक्यात, आणि रात्री टॉर्चच्या उजेडापलीकडे सगळं काळं.

इतर गेमांतही त्या काळी धुकं असायचं, पण ते लपवलेल्या उणिवेसारखं दिसायचं. इथे त्याला जोडून रेडिओ दिला. जवळपास काही आलं की तो खरखरायला लागतो. दिसत काहीच नाही, ऐकू मात्र येतंय. एवढ्यावर अख्खा गेम तोललाय.

---

चंद्रकोर

निशाचर, कॅमेऱ्याचा मुद्दा अगदी पटला, आणि त्याचं उत्तर 'सायरन'मध्ये आहे. इथे 'सायरन' खेळलेले फार कमी दिसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हानुदा नावाचं डोंगरातलं गाव. भोंगा वाजतो, गावाभोवती लाल पाण्याचा समुद्र होतो, आणि मेलेली माणसं उठून चालायला लागतात. त्यांना शिबितो म्हणतात. तीन दिवसांची गोष्ट, दहा माणसं, आणि प्रसंग मागेपुढे उलगडत जातात. वाचायला नेहमीची झॉम्बी-कथा वाटेल. पण या शिबितोंना आपण मेलोय हे कळलेलं नाही. कुणी शेत खणतंय, कुणी घराला फळ्या ठोकतंय, कुणी स्वयंपाकघरात उभं आहे. आयुष्यभर केलेलं काम हातांना सुटत नाही. मला पळवून लावणाऱ्या राक्षसांपेक्षा हे फार जड जातं.

आता डोळ्यांचं. या गेममध्ये आपल्याला दुसऱ्याच्या नजरेत शिरता येतं. डोळे मिटायचे आणि कंट्रोलरची काडी हळूहळू फिरवायची, जुन्या रेडिओवर स्टेशन शोधतात तशी. आधी नुसती खरखर, मग एकदम चित्र लागतं. कुणीतरी चालतंय. त्याचा श्वास ऐकू येतो, स्वतःशी काहीतरी पुटपुटतोय, मध्येच हसतो. त्याच्या हातातली बंदूक खालच्या कोपऱ्यात हलताना दिसते. आपण मोजत बसायचं : इथून वळला, तिथे थांबला, आता पाठ फिरवली.

हारुमी म्हणून एक लहान मुलगी आहे त्यात. तिला कुणाशी लढताच येत नाही, फक्त लपायचं. मी तिला घेऊन दबा धरून बसले होते. काडी फिरवली, एक नजर लागली. अंधारं घर, एक दार, दारापलीकडे काहीतरी लहानसं पाठमोरं. दोन सेकंद मी ते चित्र परक्यासारखी बघत होते. मग कळलं, ती पाठ माझीच.

कंट्रोलर खाली ठेवला आणि खोलीतला दिवा लावला. दुसऱ्या कुठल्याही गेमनं माझ्याकडून हे करवून घेतलेलं नाही.

तुम्ही विचारलंत वरून कोण बघतंय. 'सायलेंट हिल'मध्ये त्याचं उत्तर मिळत नाही. चार वर्षांनी त्यांनी त्या बघणाऱ्याच्या डोळ्यात आपल्यालाच नेऊन बसवलं.

---

निशाचर

चंद्रकोर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. पुढची पायरी मला लिहायची होतीच.

'स्लिटरहेड'मध्ये आपल्याला शरीरच नाही. आपण ह्योकी नावाचं एक अस्तित्व, स्वतःचा भूतकाळ न आठवणारं. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसात शिरायचं, त्याचे हातपाय वापरायचे, तो पडला की दुसऱ्यात. शहराचं नाव काउलाँग, नव्वदच्या दशकातल्या हाँगकाँगच्या काउलूनवरून घेतलेलं. निऑनच्या पाट्या, अरुंद जिने, ओल्या गच्च्या. शत्रू माणसाच्या कातडीत लपलेले, आणि ते शोधायचे कसे, तर त्यांच्या नजरेत शिरून. म्हणजे 'सायरन'ची काडी अजून हातात आहेच.

एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. सुरुवातीलाच गच्चीवरून खाली पोचायचं असतं. गेम शिकवतो की ज्या शरीरात आहात ते खाली झोकून द्या आणि ते जमिनीवर आपटायच्या आत रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसात शिरा. मी तसं केलं. खालच्या माणसाच्या डोळ्यांनी वर पाहिलं. ते शरीर येत होतं. ते कुणाचं होतं, नाव काय, मला माहीत नव्हतं, विचारावंसंही वाटलं नव्हतं. पुढे कथा हाच हिशेब मागते. ज्यांच्यात शिरलास ती माणसं तुझी कोण?

ज्या माणसानं वरच्या कॅमेऱ्यानं मला घाबरवलं, त्यानं पंचवीस वर्षांनी मलाच तो वरून बघणारा केला.

---

कोरा_कागद

वाचायला छान वाटतंय, पण पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या माणसाच्या बाजूनंही कुणीतरी लिहायला हवं.

'स्लिटरहेड' कल्पनेत जेवढा मोठा, हातात घेतल्यावर तेवढाच अडखळणारा. त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. 'रॅरिटी' म्हणवणारी खास पात्रं शोधण्यासाठी पूर्ण केलेली मिशन परत खेळावी लागतात, नाही खेळली तर कथा पुढे सरकत नाही. बरेचसे संवाद नुसत्या मजकुरात, सोबत पात्राचा एखादा हुंकार. चेहरे ताठ. मोठ्या शत्रूंशी झुंज लांबत जाते आणि चौथ्या-पाचव्या वेळी तिच्यातली भीती निघून जाते. समीक्षकांची मतं दुभंगली ती उगाच नाही.

आणि तुलना कुणाशी झाली ते बघा. 'सायलेंट हिल २'चा रीमेक आला ८ ऑक्टोबर २०२४ला, 'स्लिटरहेड' ८ नोव्हेंबरला. बरोब्बर एक महिना. कोनामीचं पाठबळ असलेला, पानापानावर घासूनपुसून लखलखीत केलेला गेम लोकांच्या हातात होता, आणि त्यावर हा. दोन्हींचं संगीत अकिरा यामाओकांचंच. मी दोन्ही लागोपाठ खेळलो. कान एकच सांगत होते, पण हात आणि डोळे वेगळं सांगत होते.

तोयामांबद्दल आदर आहेच. त्या आदरापायी गेमच्या उणिवा झाकल्या तर तेही त्यांना आवडणार नाही.

---

मधली_सुट्टी

कोरा_कागद, पुन्हा पुन्हा त्याच जागी जाण्याबद्दल +१. तिथे मीही कंटाळलो.

---

पिंपळपान

एक महिन्याचं अंतर कोरा_कागद यांनी काढलं ते बरं झालं. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते.

कोनामी सोडताना तोयामांना 'सायलेंट हिल' हे नाव, ते गाव, त्यातली माणसं, काहीच बरोबर नेता आलं नाही. येणारच नव्हतं. जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोकरीतल्या कामाचा भाग म्हणून कर्मचाऱ्यानं केलेली आणि कंपनीच्या नावानं प्रसिद्ध झालेली कृती वेगळा करार नसेल तर कंपनीचीच ठरते. नुसते हक्क कंपनीकडे जातात असं नाही, कायद्याच्या लेखी कर्ताच कंपनी असते. संगणकाच्या प्रोग्रॅमला तर नावानं प्रसिद्ध होण्याचीही अट नाही.

म्हणजे बघा, 'सायलेंट हिल २' (२००१) त्यांच्याशिवाय झाला, आणि अनेकांच्या मते मालिकेतला तोच सर्वोत्तम. तोही त्या टीममधल्या इतरांचा, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण पुढे मालिका हातोहाती फिरली, वेगवेगळ्या देशांतल्या स्टुडिओंनी भाग केले. जून २०२५ मध्ये कोनामीनं जाहीर केलं की पहिल्या 'सायलेंट हिल'चाही रीमेक होतोय, आणि तो करतंय पोलंडचं ब्लूबर. निशाचर यांनी वर्णन केलेली ती गल्ली कुणीतरी दुसरं नव्यानं बांधणार. कॅमेरा कुठे ठेवायचा हे दुसरं कुणीतरी ठरवणार.

सोनीतही तेच. 'सायरन' आणि 'ग्रॅव्हिटी रश' ही नावं सोनीची. त्यांनी बाहेर पडताना काय नेलं, तर दोन माणसं आणि त्या नजरेत शिरण्याची कल्पना. कल्पनेवर कायदा मालकी लावत नाही, तिच्या मांडणीवर लावतो. म्हणून 'स्लिटरहेड'मध्ये दुसऱ्याच्या डोळ्यांतून बघता येतं, पण हानुदा गावात परत जाता येत नाही.

---

रानवाट

पिंपळपान, तुमचं वाचून लिहायला बसलोय. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मी अकरा वर्षं एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत होतो. नाव सांगत नाही. तिथे मी एक पात्र उभं केलं होतं, एक म्हातारा कोळी. त्याची चाल बसवायला सहा आठवडे गेले. डावा गुडघा दुखतो म्हणून तो जिना उतरताना आधी काठी, मग उजवा पाय, मग क्षणभर थांबून डावा. ते थांबणं माझ्या आजोबांचं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सोडल्यावर दोन वर्षांनी त्या मालिकेचा पुढचा भाग आला. म्हातारा होता, चेहरा तोच, काठी तीच. जिना मात्र तो भराभर उतरला. नव्या मुलांचा दोष नाही, त्यांच्यापुढे फाइल होती, आजोबा नव्हते. पण मी तो भाग पुढे बघू शकलो नाही.

आता मी आणि दोन मित्र मिळून छोटी कामं करतो. पैसे कमी, झोप कमी. 'स्लिटरहेड'मधले ताठ चेहरे कोरा_कागद यांना खटकले, बरोबरच आहे. मला मात्र ते बघताना दिसत होतं की इथे कुणीतरी ठरवलंय, चेहऱ्यावर खर्च करायचा की गर्दीवर. काउलाँगच्या रस्त्यावर माणसं दिसायलाच हवीत, त्याशिवाय एकातून दुसऱ्यात उडी मारायची कल्पनाच उभी राहत नाही. कमी हातांनी काम करताना रोज अशी निवड करावी लागते. त्यांनी गर्दी निवडली. मीही तीच निवडली असती.

---

चंद्रकोर

रानवाट, लिहीत राहा. आजोबांचं ते थांबणं वाचल्यावर मला थोडा वेळ स्क्रीनवरून नजर काढावी लागली.

---

उत्तरध्रुव

चर्चा सुंदर चाललीय. थोडी हिशेबाची बाजू मांडतो, कारण 'स्वतंत्र होणं' हा शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो.

शिंजी मिकामींचं बघा. 'रेसिडेंट ईव्हिल'चे (१९९६) कर्ते. कॅपकॉम ही कंपनी सोडल्यावर काही काळानं, २०१० मध्ये त्यांनी टँगो गेमवर्क्स काढला. त्याच वर्षी तो झेनीमॅक्सनं विकत घेतला. म्हणजे स्वतंत्र म्हणावं ते काही महिने. तिथून 'द ईव्हिल विदिन' (२०१४) आला, 'घोस्टवायर : टोकियो' (२०२२) आला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, झेनीमॅक्सच मायक्रोसॉफ्टकडे गेली. जानेवारी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' आला, लोकांनी डोक्यावर घेतला. पुढच्याच महिन्यात मिकामी बाहेर पडणार असल्याचं जाहीर झालं, आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्टुडिओ बंद करत असल्याचं सांगितलं. ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टननं तो उचलला, बरोबर 'हाय-फाय रश'चे हक्क घेतले. 'ईव्हिल विदिन' मात्र आधीच्या मालकाकडेच राहिला.

पिंपळपान म्हणाले ते इथेही दिसतं : माणसं एका दारानं गेली, नावं दुसऱ्या कपाटात राहिली. फक्त इथे स्टुडिओ काढणाऱ्याच्या बाबतीतही तेच झालं, कारण स्टुडिओ विकला गेला होता.

दुसरा रस्ता लोकांकडून पैसे गोळा करण्याचा. केइजी इनाफुने २०१० मध्ये कॅपकॉममधून निघाले, २०१३ मध्ये 'मायटी नं. ९'साठी किकस्टार्टरवर ३८ लाख डॉलरहून जास्त जमले, २०१६ मध्ये गेम आला आणि ज्यांनी पैसे दिले तेच दुखावले. कोजी इगाराशी २०१४ मध्ये कोनामीतून निघाले, पुढच्या वर्षी 'ब्लडस्टेन्ड'साठी ५५ लाख डॉलरहून जास्त जमले, २०१९ मध्ये गेम आला आणि लोक म्हणाले, हेच हवं होतं. दोघांनीही जुन्या आवडत्या गेमची आठवण दाखवूनच पैसे मागितले होते. एकाला ती पेलली, दुसऱ्याला नाही.

तोयामांनी जुनी आठवण विकायला काढली नाही, हे मला विशेष वाटतं. 'सायलेंट हिल'सारखा गेम म्हणून हाक दिली असती तर पैसे जमले असते. धुक्यातलं गाव, हरवलेली मुलगी, टॉर्च. त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये द गेम अवॉर्ड्सच्या मंचावर पहिली झलक दाखवली ती भडक निऑनच्या शहराची, डोकं फुटून त्यातून बाहेर येणाऱ्या प्राण्याची. वेगळाच गेम. धोका पत्करला, काही ठिकाणी फसलाही. पण तो त्यांचा होता.

---

कोरा_कागद

उत्तरध्रुव, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. मीही जरा जास्तच तोलून लिहिलं असेन, पण उणिवांबद्दल म्हणणं कायम आहे.

एक विचारतो. सोनीतच राहिले असते तर? जपान स्टुडिओसारखी जागा होती. 'ग्रॅव्हिटी रश'सारखा विचित्र गेम, जिथे नायिका गुरुत्वाकर्षणाची दिशा फिरवून आकाशात 'पडते', तो मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय झालाच नसता. दुसरा भाग तर केवढा मोठा होता.

---

उत्तरध्रुव

ती जागाच उरली नाही हो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनीनं जपान स्टुडिओची फेररचना जाहीर केली, एप्रिलपासून त्यातला टीम असोबी हा गट केंद्र झाला आणि बाकीचं विसर्जित. तोयामा निघाले त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांत. सातो 'द लास्ट गार्डियन'चे निर्माते, ओकुरा 'ग्रॅव्हिटी रश'चे गेम डिझायनर. म्हणजे त्या घरातले तीन कर्ते घर मोडायच्या आधी एकत्र बाहेर पडले.

टीम असोबीनं पुढे 'अ‍ॅस्ट्रो बॉट' केला आणि २०२४चा सर्वोत्तम गेमचा मान मिळवला, तो योग्यच. पण त्या छताखाली आता 'सायरन'सारखं काही होईल असं मला दिसत नाही. तुम्ही विचारलेला 'राहिले असते तर' हा पर्याय फार दिवस उघडा नव्हता.

---

जुनी_कॅसेट

उशिरा आलो. एक जुना धागा जोडतो, तो कुणी काढला नाही म्हणून.

तोयामा कोनामीत लागले तेव्हा त्यांनी ज्यांच्यावर ग्राफिक्सचं काम केलं त्यात 'स्नॅचर' होता, कोनामीचेच गेम दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांचा. त्या गेमची गोष्ट काय? माणसांना मारून त्यांच्या कातडीत वावरणारे कृत्रिम जीव, आणि शेजारचा माणूस खरा की तो, हे शोधत फिरणारा नायक. आता 'स्लिटरहेड' आठवा. माणसाचं रूप घेऊन गर्दीत मिसळलेले जीव, आणि त्यांना शोधणारे आपण. तिशी गाठायच्या आधी जे चित्र रंगवलं ते पन्नाशीनंतर स्वतःच्या घरात परत आलं. कोजिमांकडून उसनं घेतलं असं मी म्हणत नाही. ज्या चित्रांवर माणूस पहिल्या नोकरीत रात्री जागवतो ती हाताला राहतातच.

आणि कोजिमांची गोष्ट याला उलटी लागून आहे. त्यांचा 'पी.टी.' ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशनवर फुकट आला. एकच वळणाची घरातली गल्ली, पुन्हा पुन्हा तीच, प्रत्येक फेरीत थोडी बदललेली. ती 'सायलेंट हिल्स' या नव्या गेमची चाहूल होती. एप्रिल २०१५ मध्ये तो गेम रद्द झाला, 'पी.टी.' दुकानातून काढला गेला, वर्ष संपता संपता कोजिमा कोनामीतून बाहेर आणि स्वतःचा स्टुडिओ सुरू. तोयामा 'सायलेंट हिल' करून गेले, कोजिमा 'सायलेंट हिल' करायला न मिळता गेले. कोजिमांनी नायकाचा चेहरा, म्हणजे अभिनेता नॉर्मन रीडस, मात्र बरोबर नेला, आणि 'डेथ स्ट्रँडिंग' आला ८ नोव्हेंबर २०१९ला. तारीख बघा. 'स्लिटरहेड' बरोबर पाच वर्षांनी, त्याच दिवशी. योगायोगच, पण मला तो जपून ठेवावासा वाटतो.

फरक एवढाच की कोजिमांच्या मागे सोनी प्रकाशक म्हणून उभी राहिली. तोयामांनी प्रकाशनही स्वतःच केलं. रानवाट म्हणतात ती रोजची निवड इथूनच येते.

---

निशाचर

जुनी_कॅसेट, 'स्नॅचर'चं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! आता तिसऱ्यांदा खेळावा लागणार.

पिंपळपान, तुमच्या प्रतिसादानंतर पहिल्या गेमच्या रीमेकचा विचार डोक्यातून जात नाही. मी तो घेणार, खेळणार. त्या गल्लीत पोचल्यावर मात्र मी थांबून बघणार आहे, कॅमेरा कधी पाठ सोडतो ते.

---

साखरझोप

सगळं वाचून काढलं, पहाट झाली. मी यातलं काहीच खेळलेले नाही. भुताचे गेम मला झेपतील का तेही ठाऊक नाही. कुठून सुरुवात करू?

---

मधली_सुट्टी

पहिल्या 'सायलेंट हिल'पासून. चित्रं जुनाट वाटतील, तासाभरात सवय होते. हॅरी साधा लेखक आहे, नेम धड लागत नाही, पळाला की धापा टाकतो. तुम्हीही तशाच खेळा, प्रत्येकाशी लढायला जाऊ नका.

---

चंद्रकोर

साखरझोप, मी 'सायरन'च सांगेन, पण आधीच सांगते, तो कठीण आहे. पहिल्याच टप्प्यात सोळा वर्षांचा एक मुलगा आणि त्याच्या मागे पिस्तूल घेतलेला पोलीस. मी तिथे सात वेळा मेले. नकाशावर आपण कुठे आहोत हेही गेम दाखवत नाही.

एक करा. जिथे जिथे पळावंसं वाटेल तिथे आधी भिंतीला टेकून उभ्या राहा, डोळे मिटा आणि काडी हळू फिरवा. घाई केली तर खरखरच ऐकू येते. एखादी नजर लागली की ती सोडू नका, तो माणूस काय करतोय ते पूर्ण बघा. माझ्या एका शिबितोनं दुकानाच्या दाराशी येऊन कुलूप ओढून पाहिलं, लागलंय याची खात्री केली, आणि दोन पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. तेवढा वेळ मला पुरला. मी त्याच्या मागून निघून गेले.